माध्यम-प्राध्यापकांच्या संघटनेचे अध्यक्षपद: निवडणुकीच्या आधीपासून दप्तर सोपवेपर्यंत

वृत्तपत्रविद्या, जनसंज्ञापन, जाहिरात, चित्रपट-अभ्यास शिकवणाऱ्यांच्या संघटनेचा अध्यक्ष सहसा उत्तम बोलणारा असतो. त्याचा अभ्यास चांगला असतो, ओळखी असतात. तरीही मुदत संपताना संघटनेकडे अधिवेशनाचे फोटो आणि उरलेली प्रमाणपत्रे यांपलीकडे फारसे काही नसते. सभासदांची यादी तीन ठिकाणी तीन प्रकारची, बँकेत मागच्याच्या मागच्या खजिनदाराची सही, आणि नव्या माणसाची पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अध्यक्षपद सांभाळायचे म्हणजे यादी, तारखा आणि पुढच्या माणसाची तयारी या तीन गोष्टी सांभाळायच्या. व्यासपीठ त्यानंतर येते.

पुढची माहिती महाराष्ट्रातील संघटना डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. अशी संघटना १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासदांनिशी नोंदवलेली असते आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयाच्या कक्षेत येते. गोव्यातही १८६० चाच कायदा चालतो, पण धर्मादाय आयुक्त नाहीत; तिथल्या वाचकांनी धर्मादाय कार्यालयाशी संबंधित भाग वगळून बाकीचे वापरावे.

अध्यक्ष एका दिवसात घडत नाही: रांग लावा

अमेरिकेतल्या संज्ञापन-प्राध्यापकांची मोठी संघटना १९१४ साली शिकागोत सुरू झाली. वक्तृत्व शिकवणारे १७ शिक्षक इंग्रजी शिक्षकांच्या परिषदेतून वेगळे झाले आणि त्यांनी स्वतःचे व्यासपीठ उभे केले. हीच आजची नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन. तिथे सभासद थेट अध्यक्ष निवडत नाहीत. निवडून येतो तो दुसरा उपाध्यक्ष. पुढच्या पायरीवर तोच पहिला उपाध्यक्ष होतो आणि वार्षिक अधिवेशनाची आखणी करतो. मग अध्यक्ष, आणि त्यानंतर माजी अध्यक्ष म्हणून कार्यकारिणीतच राहतो. १९५० मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कम्युनिकेशन असोसिएशनमध्येही अधिवेशनाचा भार नियोजित अध्यक्षावरच असतो.

याचा फायदा साधा आहे. खुर्चीत बसण्याआधी माणसाने परीक्षक गोळा केलेले असतात, सभागृहांचे भांडण सोडवलेले असते, हिशेब पाहिलेला असतो. आपल्याकडे बहुतेक संघटनांत मात्र सगळी कार्यकारिणी एकाच दिवशी बदलते आणि आठवण ठेवणारे कोणीच उरत नाही.

तुमच्या घटनेत 'नियोजित अध्यक्ष' हे पद नसेल तर दोन टप्प्यांत जा. आधी कार्यकारिणीच्या साध्या ठरावाने पुढच्या संभाव्य नेतृत्वातल्या एक-दोघांना निमंत्रित सदस्य करा. त्यांना मताधिकार नसेल, पण कागद दिसतील. मग सर्वसाधारण सभेत नियमावलीत दुरुस्ती करा आणि तिची नोंद धर्मादाय कार्यालयात करून घ्या. नियम कसे बदलायचे हे तुमचीच नियमावली सांगते. उद्देशांना हात लावायचा असेल तर कायदा कडक आहे: प्रस्ताव सभेच्या दहा दिवस आधी सभासदांना पोचला पाहिजे, विशेष सभेत तीनपंचमांश मते पडली पाहिजेत आणि एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत तेवढ्याच बहुमताने ते कायम झाले पाहिजे. पहिल्या सभेनंतर लोक समाधानाने घरी जातात आणि दुसरी सभा राहून जाते. मग बदल कागदावर होतच नाही.

रांगेचा धोकाही ओळखा. चार मित्र एकमेकांना वर ढकलत राहिले तर ती रांग राहत नाही, वतन होते. म्हणून सर्वात खालच्या पायरीची निवडणूक खुली ठेवा, आणि उमेदवार सुचवण्याचे काम विद्यमान पदाधिकाऱ्यांकडे देऊ नका.

पहिले ९० दिवस

पदाधिकारी बदलले की त्या तारखेपासून ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे बोलीभाषेतला 'चेंज रिपोर्ट', दाखल करायचा असतो. त्यासाठी सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, हजेरीपत्रक, इतिवृत्त, नव्या पदाधिकाऱ्यांची संमतीपत्रे आणि ओळखपत्रांच्या प्रती लागतात. अर्ज अडतो तो बहुधा नोटिशीवर. व्हॉट्सअ‍ॅप गटावर 'रविवारी सभा आहे, सर्वांनी यावे' एवढेच टाकलेले असते; विषयपत्रिका नसते, सर्व सभासद त्या गटात नसतात. नाराज माजी पदाधिकाऱ्याने हरकत घेतली की याच धाग्यावर प्रकरण वर्षानुवर्षे लोंबकळते. नोटीस ईमेलने पाठवा, ज्यांचा ईमेल नाही त्यांना टपालाने पाठवा, आणि पाठवल्याची यादी त्याच दिवशी छापून फाइलला लावा. मावळत्या पदाधिकाऱ्यांची लेखी ना-हरकत निवडणुकीच्या दिवशीच घ्या. त्या संध्याकाळी सगळे खुशीत असतात, महिन्याभराने नसतात.

त्याच आठवड्यात बँकेचा ठराव करा. मसुदा असा ठेवता येतो:

'ठराव क्र. __: संस्थेच्या बचत खात्यावरील सर्व व्यवहार अध्यक्ष, कार्यवाह व कोषाध्यक्ष यांपैकी कोणत्याही दोघांच्या संयुक्त सहीने करण्यात यावेत, त्यांपैकी एक सही कोषाध्यक्षांची असणे बंधनकारक राहील. मागील पदाधिकाऱ्यांचे सहीचे व ऑनलाइन व्यवहारांचे अधिकार दि. __ पासून रद्द करण्यात येत आहेत. सूचक: __ अनुमोदक: __ ठराव सर्वानुमते/बहुमताने मंजूर.'

'ऑनलाइन व्यवहारांचे अधिकार' हे शब्द वगळू नका. धनादेशावरची सही बदलते, पण नेट बँकिंगचा ओटीपी जुन्या खजिनदाराच्या मोबाइलवरच येत राहतो.

ताब्यात घ्यायच्या वस्तूंची यादी दोन्ही बाजूंनी सही करून ठेवा: नोंदणी प्रमाणपत्रे, पॅन, मूळ इतिवृत्त पुस्तके, सभासद नोंदवही, पावती पुस्तके (कोऱ्या पावत्यांच्या क्रमांकांसह), मुदतठेवीच्या पावत्या, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, संकेतस्थळाच्या नावाची मालकी, ईमेलचे पासवर्ड, समाजमाध्यमांची खाती. संकेतस्थळाचे नाव एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या वैयक्तिक खात्यावर नोंदवलेले असणे ही फार नेहमीची गोष्ट आहे. नूतनीकरणाच्या दिवशी तो विद्यार्थी परदेशात असतो.

सभासद कोण? इथेच संघटना घडते किंवा बिघडते

बऱ्याच घटनांमध्ये 'मान्यताप्राप्त महाविद्यालयातील पूर्णवेळ अध्यापक' अशी व्याख्या असते. ती लिहिली गेली तेव्हा ठीक होती. आज पत्रकारितेचे वर्ग मोठ्या प्रमाणावर तासिका तत्त्वावरचे शिक्षक आणि वृत्तपत्रांत काम करणारे पाहुणे अध्यापक चालवतात. त्यांना बाहेर ठेवून 'आम्ही माध्यमशिक्षणाचे प्रतिनिधी' असे म्हणता येत नाही. म्हणून तीन वर्ग करा: अध्यापक (पूर्णवेळ, कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरचे, सर्वांना समान मत), संशोधक-विद्यार्थी (कार्यकारिणीत एक राखीव जागा), आणि सहयोगी (पत्रकार, जनसंपर्क अधिकारी, मताधिकार नाही). वर्गणी पदावरून न ठरवता उत्पन्नावरून ठरवा. तासावर पैसे मिळणाऱ्याकडून आणि सातव्या वेतन आयोगाचा पगार घेणाऱ्याकडून सारखीच रक्कम मागणे अन्यायाचे आहे. त्याचा परिणामही दिसतो: तरुण माणूस एक वर्ष येतो आणि गळतो.

आजीव सभासदत्वाचे गणित एकदा कागदावर करून पाहा. समजा ३०० जणांनी प्रत्येकी २,००० रुपये भरले. ६ लाख झाले. ७ टक्के दराने वर्षाचे व्याज ४२,०००, म्हणजे माणशी १४० रुपये. एवढ्यात वर्षाला दोन छापील अंक आणि टपालखर्च भागत नाही. त्यामुळे संघटना हळूहळू मूळ रक्कम खाऊ लागते. आजीव वर्गणी वेगळ्या मुदतठेवीत ठेवा, फक्त व्याज वापरा, आणि आजीव सभासदांकडून वार्षिक सेवाशुल्क घ्यायची तरतूद करा. आणखी एक अडचण गणपूर्तीची, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीची. गणपूर्ती एकूण सभासदसंख्येवर मोजायची असेल तर निधन पावलेल्या आणि पत्ता हरवलेल्या सभासदांची नावेही ती वाढवत राहतात. दर दोन वर्षांनी यादीतल्या प्रत्येकाला पत्र पाठवून पडताळणी करा.

थकबाकीबद्दल १८६० च्या कायद्याचे कलम १५ स्पष्ट आहे: ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे, त्याला मत देता येत नाही आणि त्याची सभासद म्हणून गणनाही होत नाही. तरी मतदानाच्या सकाळी टेबलावर पैसे भरून मत द्यायची सवय अनेक ठिकाणी आहे. ती मोडा.

निवडणूक

मतदानाचा दिवस धरून उलटे मोजा. तुमच्या घटनेत वेगळे दिवस असतील तर तेच पाळा. नसतील तर हा क्रम चालतो. ९० दिवस आधी वर्गणी भरण्याची शेवटची तारीख जाहीर करा. ६० दिवस आधी वर्गणी बंद आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची नेमणूक. तो उमेदवार नसावा, उमेदवाराच्या विभागातला नसावा, शक्यतो दुसऱ्या विषयाचा निवृत्त प्राध्यापक असावा. ५० दिवस आधी कच्ची मतदार यादी, सात दिवस हरकतींना, ४० दिवस आधी अंतिम यादी. त्यानंतर यादीत एकही नाव घालायचे नाही, मग माणूस कितीही मोठा असो. ३५ ते २८ दिवसांच्या दरम्यान अर्ज, मग छाननी, आणि २२ व्या दिवसापर्यंत माघार.

गडबड ओळखायची सर्वात सोपी जागा म्हणजे वर्गणीचा बँक-उतारा. एकाच यूपीआय खात्यावरून ३० जणांची वर्गणी एका दुपारी आली असेल तर कोणीतरी मते विकत घेतो आहे. वर्गणी सभासदाच्या स्वतःच्या खात्यावरूनच यावी, हा नियम आधीच करून ठेवा. निवडणूक सुरू झाल्यावर केला तर तो एका उमेदवाराविरुद्धचा नियम ठरतो.

अधिवेशन

संघटनेची ओळख अधिवेशनावरून होते आणि बहुतेक भांडणेही त्यातूनच निघतात, म्हणून इथे सविस्तर.

तारीख निवडताना सत्रपरीक्षा टाळा, तसाच ६ जानेवारीही टाळा. 'दर्पण' १८३२ मध्ये त्या तारखेला निघाले म्हणून तो पत्रकार दिन, आणि त्या आठवड्यात आपले सगळे वक्ते जिल्ह्याजिल्ह्यांत सत्कार-समारंभांना गेलेले असतात. संक्रांतीनंतरचा आठवडा सोयीचा.

नऊ महिने आधी यजमान महाविद्यालयाशी लेखी करार करा. त्यात सभागृहे, वीज, जेवण, निवास कोणी पाहायचे. नोंदणी शुल्क कोणाच्या खात्यात जमा होणार. शिल्लक किंवा तूट कोणाची. आणि हिशेब किती दिवसांत द्यायचा (३० दिवस पुरतात) हे सगळे हवे. शिल्लक कोणाची हा मुद्दा संकोचाने टाळला जातो आणि पुढे दोन्ही संस्था वर्षभर एकमेकींशी बोलत नाहीत. सात महिने आधी निबंधांसाठी आवाहन काढा, पाच महिने आधी गोषवारे घ्या, चार महिने आधी निर्णय कळवा. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधीच खुले होते. निर्णय त्यानंतर कळवला तर लांबचा माणूस येत नाही. शिवाय त्याला महाविद्यालयाकडून कर्तव्यरजा मंजूर करून घ्यायला स्वीकृतिपत्र हाताशी लागते.

निबंध किती घ्यायचे हे सभागृहांवरून ठरवा. दोन दिवस, समांतर तीन खोल्या, सर्वसाधारण सभेची वेळ सोडून पाच वेळा: एकूण १५ सत्रे. दीड तासाच्या सत्रात चार निबंध, प्रत्येकी १५ मिनिटे, उरलेली ३० मिनिटे ओळख आणि चर्चेला. म्हणजे ६० निबंध. दर दहांत एखादा येत नाही, म्हणून ६६ स्वीकारा. सहा-सहा निबंध एका सत्रात कोंबले की सगळा दीड तास वाचनातच संपतो, प्रश्नांना शून्य. मग त्या माणसाने प्रवास कशासाठी केला?

परीक्षकांचेही गणित आधी करा. १२० गोषवारे आले आणि प्रत्येकाला दोन परीक्षक दिले तर २४० परीक्षणे होतात. एकाला आठांपेक्षा जास्त देऊ नका. ३० परीक्षक लागतील, आणि जिथे दोघांचे मत जुळत नाही तिथे तिसरा लागतो म्हणून ३६ जमवा. मराठी गोषवारे मराठी माध्यमव्यवहार वाचणाऱ्या परीक्षकाकडेच जाऊ द्या. जिल्हा वृत्तपत्रांवरचा किंवा तमाशाच्या जाहिरातींवरचा चांगला निबंध 'सैद्धांतिक चौकट नाही' म्हणून परत जातो, तेव्हा दोष बहुधा परीक्षक चुकीचा निवडल्याचा असतो. माध्यमसंशोधनाची आंतरराष्ट्रीय संघटना असलेली आयएएमसीआर १९५७ मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने स्थापन झाली आणि तिने इंग्रजी, फ्रेंच व स्पॅनिश अशा तीन भाषा अधिकृत ठेवल्या. १९८६ साली नवी दिल्लीत आणि २०१४ साली हैदराबादेत तिची अधिवेशने झाली. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांना समान दर्जा देणे आपल्याला जड जायचे कारण नाही. मराठी निबंध 'भोजनानंतरच्या' सत्रात ढकलणे थांबवा.

उद्घाटनाने वेळापत्रक कोलमडते. साडेनऊचा कार्यक्रम पाहुण्यांच्या गाडीमुळे साडेदहाला सुरू होतो. शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, तीन मनोगते, आणि पहिले निबंधसत्र जेवणात विरघळते. उपाय असा: साडेनऊला थेट निबंधसत्र ठेवा, उद्घाटन साडेअकराला. पाहुणे उशिरा आले तरी संशोधकाचा वेळ जात नाही.

नोंदणी शुल्क ठरवताना आशेवर विसंबू नका. उदाहरणार्थ, स्थिर खर्च ९०,००० आणि जेवणखाण, फाइल वगैरे माणशी ९०० रुपये. १५० जण येतील असे धरले तर शुल्क १,५०० येते. प्रत्यक्षात १०० आले तर जमा दीड लाख, खर्च १ लाख ८० हजार, तूट ३०,०००. १०० जणांवरच हिशेब बांधा: शुल्क १,८००. जास्त लोक आले तर त्या पैशातून विद्यार्थी आणि तासिका शिक्षकांना प्रवासखर्च द्या.

परदेशी अभ्यासक बोलवायचे असतील तर त्यांना परिषदेचा व्हिसा लागतो आणि आयोजकांना केंद्राच्या मंजुऱ्या आधी घ्याव्या लागतात. महिनाभरात हे होत नाही. परदेशी देणगी परकीय योगदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेऊच नका.

आणि एक गोष्ट आवर्जून करा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला अंतर्गत समिती बंधनकारक करतो. संघटनेकडे कर्मचारीच नसतात, त्यामुळे अधिवेशनात विद्यार्थिनीला त्रास झाला तर तक्रार कुठे करायची हे कोणालाच माहीत नसते. यजमान संस्थेच्या समितीच्या अध्यक्षांचे नाव आणि संघटनेच्या दोन संपर्क-व्यक्तींचे क्रमांक नोंदणीच्या पाकिटात छापील स्वरूपात द्या. त्या दोघींपैकी एक तरी कार्यकारिणीबाहेरची असावी.

नियतकालिक: संपादकाच्या टेबलापासून दूर राहा

अध्यक्ष आणि संपादक एकच नसावेत, आणि संपादकाची मुदत अध्यक्षाच्या मुदतीशी जुळू देऊ नका. अध्यक्षाची दोन वर्षे असतील तर संपादकाची तीन. अध्यक्षाच्या कार्यकाळात त्याचा निबंध त्या नियतकालिकात छापू नये, हे नियमातच लिहा. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) मान्य नियतकालिकांची आपली 'केअर' यादी बंद केल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले आणि नियतकालिकाचा दर्जा तपासण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांकडे सोपवली. त्यामुळे आता प्रत्येक महाविद्यालय तुमच्या अंकाकडे स्वतः पाहणार. आयएसएसएन क्रमांक मिळाला म्हणजे दर्जा मिळाला असे नाही. तो फक्त ओळखक्रमांक आहे. संपादक मंडळाची खरी नावे, दोन्ही बाजूंनी नावे झाकून केलेले परीक्षण, निबंध आल्याची आणि स्वीकारल्याची तारीख, चूक दुरुस्तीचे धोरण, आणि वेळेवर अंक: एवढे असेल तर सांगण्यासारखे काहीतरी आहे. परीक्षणाच्या प्रती किमान पाच वर्षे जपा. पदोन्नतीच्या वेळी सभासद त्या मागायला येतात.

पुरस्कार आणि निवेदने

२०१९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशनमध्ये मोठे वादळ उठले. मान्यवर अभ्यासकांचा सर्वोच्च सन्मान कोणाला द्यायचा हे तोवर आधीचे सन्मानितच ठरवत असत, आणि सन्मानित जवळजवळ सगळे गोरे होते. नेतृत्वाने निवडीची पद्धत बदलली, तेव्हा अनेक ज्येष्ठांनी जाहीर विरोध केला आणि वाद विद्याशाखेतल्या वर्णभेदापर्यंत पोचला. बदल आवश्यकच होता. आपल्याकडे त्यातून घेण्यासारखे बरेच आहे: निवडसमितीत विजेत्यांचीच मक्तेदारी नको, समितीतल्या सदस्याचा स्वतःचा विद्यार्थी किंवा मार्गदर्शक रिंगणात असेल तर त्याने बाहेर बसावे, आणि निकष अर्ज मागवतानाच छापावेत.

निवेदनांचे तर आधी ठरवलेच पाहिजे. पत्रकाराला अटक होते, एखाद्या विद्यापीठात अभ्यासक्रम बंद पडतो, माध्यम-प्राध्यापकावर कारवाई होते. दोन तासांत वार्ताहरांचे फोन येतात. नियम असा करा: अध्यक्ष, कार्यवाह आणि आळीपाळीने नेमलेला एक कार्यकारिणी सदस्य अशा तिघांपैकी दोघांची लेखी संमती असेल तरच संघटनेच्या नावाने निवेदन जाईल, आणि २४ तासांत ते सर्व सभासदांना पाठवले जाईल. अध्यक्षाने वैयक्तिक मत मांडताना पदाचा उल्लेख टाळावा.

हिशेब

लेखे ३१ मार्चला बंद करा. लेखापरीक्षण सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवे. ठरावीक मर्यादेवर उत्पन्न असेल तर पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक वर्ष सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी धर्मादाय कार्यालयात जाते. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय सहसा कर्ज काढता येत नाही. 'अध्यक्षांनी तात्पुरते ५० हजार घातले' हेही त्यात अडकू शकते, म्हणून अधिवेशनाची तूट खिशातून भरून नंतर परत घेण्याचा मोह टाळा. आयकर सवलतीची नोंदणी असेल तर उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्देशांवर खर्च झाला पाहिजे. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे जाऊ लागली की जीएसटीबद्दल सनदी लेखापालाला विचारा, आणि ते अधिवेशनाचे प्रायोजक ठरण्याआधी विचारा.

जाताना

मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून नवे ठेके, नव्या नेमणुका, नवे पुरस्कार बंद. त्या काळात फक्त एक दस्तऐवज तयार करा, दहा पानांच्या आत: कोणती कामे अर्धवट आहेत, कोणाकडून किती येणे आहे, कोणते महाविद्यालय यजमानपदाला तयार आहे, कोणत्या परीक्षकांनी वेळेवर काम केले आणि कोणी तीनदा आठवण करूनही केले नाही, बँकेत कोणत्या अधिकाऱ्याकडे जायचे, धर्मादाय कार्यालयातल्या प्रलंबित अर्जांचे क्रमांक आणि पुढच्या तारखा. हा दस्तऐवज नियोजित अध्यक्षासोबत एका टेबलावर बसून, प्रत्येक कागद उघडून वाचा. अर्धा दिवस लागतो. नंतर मुख्य ईमेलचा पासवर्ड त्यांच्या हाताने बदलून घ्या आणि पडताळणीसाठी नोंदवलेला मोबाइल क्रमांक तुमच्यासमोर त्यांचा टाकायला सांगा.